बासष्टावी सरी

मॅकाय,
३ मे २००४

रोवीना,

'प्रिय' लिहायला हात धजावला नाही, म्हणून नुसतंच नाव. पंचवीस वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, म्हातारी मरायला टेकली म्हणून बहीण आठवली. तसं काही नाही. गुडघे सोडले तर माझं सगळं ठीक आहे, आणि गुडघ्यांसाठी मी तुला लिहिलं नसतं. फोनही लावणार नव्हते. मागच्या वेळी तू तो कसा आपटलास ते अजून कानात आहे.

काम आहे म्हणून लिहिते. हॉलिसच्या पोरानं ओढ्याकडचं खालचं शेत विकलं. म्हातारा गेला, पोराला ऊस नको आहे, तिथं घरांचे प्लॉट पडणार. जूनमध्ये शेवटची तोडणी आणि एक ऑगस्टला मशिनं लागणार. त्या शेतात कोण आहे हे तुला मी सांगायला नको. आपल्या आजोबांचा मोठा भाऊ तिथं पुरलाय, आणि त्याला पुरून सव्वाशे वर्षं होत आली.

नगरपालिकेकडून ब्रिजिट नावाची एक मुलगी आली होती. जुनी थडगी शोधायचं शिक्षण घेतलंय म्हणे, आणि जमिनीखालचं दाखवणारं यंत्र आहे तिच्याकडे. पोरगी बरी आहे, बूट दाराबाहेर काढून आत आली. म्हणाली, आन्टी एफी, तुम्ही जागा दाखवा. यंत्रात खड्डा दिसला तर तेवढा तुकडा प्लॉटमधून वगळू, कुंपण घालू, नावाचा दगड बसवू. नाही दाखवलीत तर तिथून रस्ता जाईल.

जागा माझ्याकडे आहे आणि नाव तुझ्याकडे. बाबांनी काय वाटणी केली होती ती आठवते ना, की टाळ्या घेता घेता विसरलीस? समुद्राकडची अर्धी गोष्ट तुला दिली, होडीत बसवून, खेकड्यांचे पिंजरे लावता लावता. उसाकडची अर्धी मला दिली, सरीत उभी करून, हातात खोरं देऊन. तुझी मी ऐकायची नाही, माझी तू ऐकायची नाहीस. वेळ येईल तेव्हा दोघींनी त्या जागेवर उभं राहून एकीमागून एक सांगायची. कागदावर उतरवायची नाही. बाबांना वाटलं, अर्धी अर्धी दिली की पोरी एकमेकींना सोडून जाणार नाहीत. साधा माणूस होता.

माझ्या अर्ध्या गोष्टीत तो नुसता 'मोठा' आहे. मोठ्यानं हे केलं, मोठा असं म्हणाला. मळ्याच्या कागदावर जॅक लिहिलंय. जॅक काय, कुत्र्याचंही नाव असतं. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव फक्त तुझ्या अर्ध्यात आहे.

आणि ती अर्धी तू ब्रिस्बेनच्या शाळाशाळांतून सांगत फिरतेस, हे मला चर्चमधल्या व्हायोलाकडून कळलं. तिची नात एका शाळेत होती. नर्सबाई निवृत्त झाल्या, आता फुलांची टोपी घालून पोरांना गोष्टी सांगतात, चांगलं आहे. मी एकाहत्तर वर्षांची झाले, माझ्या रक्ताची गोष्ट मी ऐकलेली नाही, आणि ब्रिस्बेनच्या पोरांनी डबा खाता खाता ऐकली. व्हायोला मला ते नावही सांगायला निघाली होती. मी हात वर करून तिला गप्प केलं. ज्याला दिलं त्यानंच पुढे द्यायचं, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं चालत नाही, हा बाबांचा नियम मी अजून पाळते.

म्हणून तुझ्या हातानं लिहून पाठव. कागदावर उतरवायचं नाही हे मलाही माहीत आहे, पण तू एवढं मोडलंस त्यात हे जास्त नाही. यायची गरज नाही.

एफी


मॅकाय,
१९ मे २००४

रोवीना,

पाकीट उघडलं तर आत एक ओळ. 'आधी दगड कुठे गेले ते सांग, मग नाव.' खाली सहीसुद्धा नाही. दवाखान्यात बायकांना अशाच चिठ्ठ्या द्यायचीस काय?

दगड पुरात गेले. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ओढा चढला होता, कुंपणंच्या कुंपणं वाहून गेली, त्यात थडग्याभोवतीचे गोटेही गेले. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि तू मानलं नव्हतंस. कारखान्यातल्या कुणीतरी तुझ्या कानात भरलं की लेस्टरनं हॉलिसच्या शेतातून गोट्यांचं एक कडं उकरलं, आणि तू दुसऱ्याच रविवारी विमानानं आलीस. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, माझ्या नवऱ्याला थडगं उकरणारा म्हणालीस. त्याच्या हातात त्या वेळी भजनांची पुस्तकं होती. ती त्यानं खाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तो चर्चमध्ये कधी पुढच्या बाकावर बसला नाही.

चौऱ्याण्णवला तो गेला तेव्हा तू फूलसुद्धा पाठवलं नाहीस. शेवटच्या आठवड्यात त्यानं दोनदा विचारलं, रोवी येतेय का. मी सांगितलं, वाटेत आहे. खोटं बोलले. तुझ्यासाठी मला मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलावं लागलं, एवढं लक्षात ठेव.

आता तुझी दगडांची अट सोड आणि इथं काय चाललंय ते ऐक. हॉलिसचा पोरगा घरी आला होता. आता पोरगा कसला, टक्कल पडलंय. म्हणाला, आन्टी, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण गुलाम वगैरे शब्द वापरू नका. बेटांवरचे तुमचे लोक करारावर आले होते, तीन तीन वर्षांचे कागद आहेत, कागदांवर अंगठे आहेत. मी म्हटलं, तेरा वर्षांच्या पोराचा अंगठा ज्यानं धरून उठवला, त्याचाही अंगठा असेल तर दाखव. चहा अर्धा टाकून गेला. जाता जाता म्हणाला की तोडणी झाली की एकदा येऊन बघा, दोनदा आलात तरी हरकत नाही, पण एक तारखेनंतर शेत माझं नाही.

मला तुझी गरज जागेसाठी नाही. जागा मला झोपेतही सांगता येते. ओढ्याच्या मोठ्या वळणासमोर उभं राहायचं, आपल्या लोकांनी रचलेल्या दगडी बांधाला पाठ लावायची आणि सरी सरी मोजत जायचं. बासष्ट. बाबांनी मला ते तीन उन्हाळे मोजायला लावलं होतं. आजोबांना लिहिता येत नव्हतं, मोजता येत होतं.

हे मी तुला सांगायला नको होतं. राग आला की माझा हात राहत नाही. आता तुझ्याकडे पाऊण गोष्ट झाली आणि माझ्याकडे अर्धीच. नाव पाठव.

एफी


मॅकाय,
२६ जून २००४

रोवीना,

झालं तुझ्या मनासारखं. काल जागा सापडली नाही.

ऊस तुटला होता, पाचट बाजूला ओढलं होतं, खोडक्यांच्या रांगा स्वच्छ दिसत होत्या. चर्चमधून तीसएक माणसं आली. बायकांनी नारळाच्या दुधात शिजवलेले टॅरोचे कंद आणले होते, मुलांनी खुर्च्या. व्हायोलानं भजन सुरू केलं आणि मी बांधाला पाठ लावून मोजायला लागले. मोठ्यानं मोजत होते, बाबा मोजायचे तसं. ब्रिजिट यंत्र ढकलत मागे. छप्पन्नाव्या सरीत माझा पाय अडखळला, ती म्हणाली, आन्टी, बसता का जरा? मी म्हटलं, चालू दे. बासष्ट झाले, मी थांबले आणि म्हटलं, इथं.

यंत्र तिथं एकदा फिरलं, आडवं फिरलं, पुन्हा फिरलं. ब्रिजिट पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली की इथली माती कधी हललेलीच नाही, चार फूट खाली तशीच आहे. भजन चालूच होतं. व्हायोलाला कुणीतरी खूण केली तेव्हा ते थांबलं, आणि ते एका कडव्याच्या मधेच थांबलं याची मला जास्त लाज वाटली.

हॉलिसचा पोरगा गाडीला टेकून उभा होता. चांगुलपणानं म्हणाला, 'आन्टी, घराघरांतून गोष्टी असतात. सांगता सांगता भर पडतेच. मनाला लावून घेऊ नका.'

ते चांगुलपण मला चाबकासारखं लागलं. सव्वाशे वर्षं तीन पिढ्यांनी तोंडात जपून आणलेली गोष्ट, आणि तो मला समजावतो की भर पडते. लोक टॅरोची भांडी झाकून परत घेऊन गेले.

ब्रिजिट अजून एकदाच येऊ शकते, सोळा जुलैला. त्यानंतर यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात जातंय.

मी तुझ्यावर चिडले आहे आणि ते बरोबर नाही हे मला कळतं, तरी चिडले आहे. तू इथं असायला हवी होतीस. गोष्ट दोघींनी सांगायची होती. मी एकटी गेले, नाव नसताना गेले, म्हणून त्यानं मला जागा दिली नाही असं व्हायोला म्हणते. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण काल घरी येऊन मी जेवले नाही.

एफी


मॅकाय,
४ जुलै २००४

रोवीना,

चूक सापडली. वाच आणि हस.

परवा पुन्हा शेतात गेले, एकटी. बाबांचं खोरं काठी म्हणून घेऊन गेले होते. तुला आठवत असेल, आजोबांनी स्वतः घडवलेला दांडा आहे, बाबांनी कधी बदलू दिला नाही. दांडा सरीएवढाच हवा, असं ते म्हणायचे. आडवा धरला की दोन्ही टोकं दोन रांगांना लागली पाहिजेत, म्हणजे तण काढताना ऊस दुखावत नाही. दमले म्हणून खोरं खाली टाकलं तर ते दोन रांगांमध्ये आडवं पडलं, आणि एक टोक रांगेपर्यंत पोचलंच नाही. अर्धा फूट कमी.

सगळी हयात मी सऱ्या खुरपल्या, बाई, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. हातानं तोडायचे तेव्हा सरी साडेचार फुटी होती. तोडणीचं मशिन आलं आणि सगळ्यांनी पाच फुटी केली. आजोबांच्या बासष्ट सऱ्या आणि आजच्या बासष्ट सऱ्या एक नव्हेत. मी एकतीस फूट पुढे निघून गेले. उलटं मोजत आले तर छप्पन्नावर येते.

इथवर मी परवाच लिहून ठेवलं होतं. खाली नाव घालून पाकीट चिकटवणार होते. सगळं सरीच्या रुंदीवर ढकलून मोकळी झाले असते आणि तुलाही ते पटलं असतं. दोन दिवस पाकीट टेबलावर पडून आहे आणि मला गिळवत नाही.

त्या दिवशी छप्पन्नाव्या सरीत माझा पाय अडखळला नव्हता. मी थांबले होते. पायाला जागा ओळखू आली. तिथं जमीन जराशी दबलेली आहे, अजूनही. मी उभी राहिले आणि मला कळलं की हीच. पण हीच असं म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, आन्टी, तुम्ही तर मोजणार होतात, ओळखलंत कसं? म्हणून मी बाबांनी दिलेला आकडा धरून पुढे चालत राहिले. आकडा चूक आहे की बरोबर याची मला पर्वा नव्हती. आकडा म्हटला की मी तिथं कधी गेले होते हे सांगावं लागत नव्हतं.

आता ऐक. पुराची गोष्ट खोटी आहे.

एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये हॉलिसच्या नव्या मशिनची पाती दगडांवर दोनदा तुटली. त्यानं लेस्टरला सांगितलं, बुलडोझर घे आणि खालच्या शेतात दगड म्हणून जे दिसेल ते काढ. आम्ही त्याच्या शेतावरच्या घरात राहायचो, आणि त्या वर्षी तो म्हणाला होता की मरेपर्यंत तिथंच राहा. मी दुपारी डबा घेऊन गेले. लेस्टरनं मशिन बंद करून ठेवलं होतं आणि टोपी काढून उभा होता. समोर गवतात ओढ्यातले गोटे गोल लावलेले, चौदा. त्याला गोष्ट माहीत नव्हती. मला मिळाली आहे एवढंच माहीत होतं, आणि त्यानं ती कधी विचारली नाही. त्या दिवशी त्यानं फक्त एवढंच विचारलं:

'एफी, हेच का ते?'

मी म्हटलं, 'मला काय माहीत? जेवून घे, गार होतंय.'

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बसला, जेवला, मी डबा पुसून पिशवीत घातला, आणि त्यानं मशिन सुरू केलं. गोटे चांगले होते म्हणून घरी आणले आणि मागच्या पायऱ्यांना कड केली. मी पंचवीस वर्षं त्यांच्यावरून कपडे वाळत घालायला जाते आहे.

लेस्टरला मरेपर्यंत खात्री नव्हती. मला होती, तिथं उभी होते तेव्हाही होती. तू चुकीच्या माणसाला शिव्या दिल्यास आणि मी तुला देऊ दिल्या. चर्चच्या पायऱ्यांवर मी त्याच्या शेजारी उभी होते. तोंड उघडायला मला एक वाक्य लागलं असतं. मूग गिळून बसले, कारण शिव्या त्याला पडत होत्या तोवर मला पडत नव्हत्या. तो शेवटच्या आठवड्यात तुझी वाट बघत होता ती का, हेही मला माहीत होतं. त्याला तुला विचारायचं होतं की ते खरंच थडगं होतं का. मी घरात होते आणि त्यानं मला विचारलं नाही, कारण माझं उत्तर त्याला एकदा मिळालं होतं.

ही तुझी अट पुरी झाली. मी माफी मागत नाही. मागायची तर ती तुझी नाही. आता तुझी पाळी. नाव पत्रात नको, सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता ये आणि तिथं उभी राहून सांग. आली नाहीस तर मी ब्रिजिटला जागा दाखवेन आणि दगडावर काही नसेल.

एफी


मॅकाय,
२४ जुलै २००४

रोवीना,

तू म्हणशील, मी होतेच की तिथं, मला काय सांगतेस. होतीस, पण बघत जमिनीकडे होतीस. शिवाय तू ज्या घाईनं गेलीस, त्यात माझं बोलणं राहून गेलं.

तू खरंच येशील असं वाटलं नव्हतं. गाडीतून उतरलीस तर ओळखूच आली नाहीस, बाबांचं नाक एवढंच जुनं राहिलंय. या वेळी मी कुणाला बोलावलं नव्हतं. तू, मी, ब्रिजिट आणि गाडीला टेकलेला तो टकलू.

छप्पन्नाव्या सरीत यंत्र एकदाच फिरलं. ब्रिजिटनं आधी टोपी काढली आणि मग आम्हाला पडदा दाखवला. माणसापेक्षा आखूड खड्डा, गुडघे दुमडून ठेवल्यासारखा. हॉलिसच्या पोरानं तेवढ्यापुरतं आपलं ठेवणीतलं चांगुलपण आवरलं.

मग मी माझी अर्धी सांगितली. तुला ती आवडली का ते मला माहीत नाही, पण तू रडलीस हे मी पाहिलं. मळ्यावर दुसऱ्याच वर्षी ताप आला तरी मोठा सकाळच्या घंटेला उठायचा, लहान्याच्या, म्हणजे आजोबांच्या, वाट्याच्या सऱ्याही करायचा, म्हणजे त्याला फटके पडू नयेत. नऊ दिवस असं केलं आणि दहाव्या दिवशी उठला नाही. मुकादमानं संध्याकाळपर्यंत वेळ दिला. चौदा वर्षांच्या पोरानं एकट्यानं खोऱ्यानं खड्डा खणला, दमला म्हणून आखूड झाला. मग बांधापर्यंत चालत गेला आणि मोजत परत आला, विसरू नये म्हणून.

आणि मग तुझी अर्धी मी पहिल्यांदा ऐकली. चांगली सांगतेस. शाळेतल्या पोरांचा हेवा वाटला. मला एवढंच ठाऊक होतं की दोघं भाऊ होडीत रताळी घेऊन आपल्या बेटाजवळच्या जहाजापाशी विकायला गेले आणि माणसं पळवणाऱ्यांनी वरून लोखंड टाकून होडी फोडली. मोठा पोहत सुटला होता हे मला माहीत नव्हतं. किनारा जवळ होता, तो पट्टीचा पोहणारा होता, त्याला कुणी गाठू शकत नव्हतं. लहान्याला त्यांनी वर ओढला तेव्हा त्यानं हाक मारली, मोठ्याला, नावानं. आणि मोठा वळला. स्वतःहून जहाजाकडे पोहत आला.

'नावानं हाक मारली,' असं म्हणालीस आणि थांबलीस.

मला वाटलं, तुला पुन्हा रडू आलं. ब्रिजिटलाही तसंच वाटलं असणार. पोरीनं मदत म्हणून खिशातून तुझ्या गोष्टीचा, ब्रिस्बेनच्या शाळेनं छापलेला कागद काढला, म्हणाली, नाव माझ्याकडे आहे, मी वाचू का? तू नाही म्हणून मान हलवलीस. आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, 'एफी, ते नाही. ते मी पुस्तकातून घेतलं. बाबांनी सांगितलेलं मला येत नाही.'

मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अजून वाटते आहे. एकोणीस वर्षांची होतीस, होडीत बसली होतीस, नर्सिंगच्या कॉलेजचं पत्र खिशात होतं आणि लक्ष तिकडे होतं, हे सगळं मी ऐकून घेतलं. बाबांनी तीनदा म्हणवून घेतलं, तीनदा तू म्हटलंस, आणि नाताळात घरी आलीस तोवर गेलं होतं. बाबा त्यानंतर दोन वर्षं जिवंत होते, रोवीना. स्वयंपाकघरात जाऊन एकदा विचारायचं होतं. ते रागावले असते आणि त्यांनी सांगितलं असतं. तुला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी त्या माणसाला आता कुणीच नावानं हाक मारू शकणार नाही.

दगडांच्या अटीचाही अर्थ मला आता लागला. मी कधी कबूल होणार नाही याची तुला खात्री होती. मी कबूल झाले आणि तू अडकलीस.

पण एक आहे. ब्रिजिटच्या हातात छापलेला कागद होता. तू नुसतं हो म्हणायचं होतंस. मला कळलं नसतं, हॉलिसच्या पोराला कळलं नसतं, दगडावर सुंदर नाव आलं असतं आणि लोकांनी फुलं वाहिली असती. तुला तिथं उभं राहून ते जमलं नाही. मला त्याच्या आधी तीन आठवडे, त्याच मातीवर उभं राहून, बासष्टपर्यंत चालत जायला जमलं होतं. हे मी तुला लिहिते आहे ते कौतुक म्हणून घेऊ नकोस.

तू जेवायलाही थांबली नाहीस. दुपारच्या गाडीनं गेलीस, आणि ब्रिजिट कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. दगडावर काय लिहायचं ते तीस तारखेपर्यंत द्यायचं आहे. तिनं विचारलं, जॅक लिहू? मी नाही म्हटलं. अज्ञात लिहू? ती म्हणाली, सगळीकडे तसंच लिहितात. मी म्हटलं, अज्ञात तो नव्हता. त्याला ओळखणारं माणूस त्याच्यासाठी बांधापासून मोजत आलं होतं. मग मी तिला सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं. तिनं दोनदा विचारलं, आन्टी, नक्की का? तुला इथं उतरवून देते:

'हा माणूस सुटला होता. भावानं हाक मारली म्हणून तो परत फिरला. त्याला नाव होतं आणि ते आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ते घालवलं. त्याच्या थडग्याचे दगडही आम्हीच काढले. एफी आणि रोवीना, आयझॅकच्या मुली, त्याच्या भावाच्या नाती.'

लेस्टरचं नाव मी घातलेलं नाही. पायऱ्या फोडून अकरा गोटे निघाले, तीन सिमेंटमध्ये फुटले. ते अकरा मी काल चर्चच्या मुलांकडून परत थडग्याभोवती ठेवून घेतले.

नाव आणि दगड, दोन्ही 'आम्ही' लिहिलंय. कुणी काय केलं ते वाचणाऱ्याला कळायची गरज नाही. दगडावर तुझं नाव नको असेल तर तीस तारखेच्या आत कळव, काढून टाकीन. माझं राहणार आहे.

एफी